धडगावला रुजू होण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर आई एकदम गप्प होते आणि बाबा “बरं, बघू” म्हणून केळीच्या भावाकडे वळतात, म्हणून लिहिते आहे. जळगावच्या शाळेचा राजीनामा मी दिला आहे आणि धडगावच्या पुढे, सातपुड्यात, एका आश्रमशाळेत मुलींची क्रीडा शिक्षिका म्हणून रुजू व्हायचे नक्की केले आहे. कागदावर सही झाली आहे. आधी तुम्हाला विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, हे मला माहीत आहे. पण तुमचे चेहरे पाहून मीच मागे फिरले असते.

दर रविवारी येणे आता जमणार नाही, एवढेच खरे दुःख आहे. पण मी फार लांब चालले आहे असे समजू नका. आपल्या फैजपुरावरून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ताच यावल, चोपडा, शिरपूर करत शहाद्याला पोहोचतो आणि तिथून पुढे फक्त घाट उरतो. बाबा, कंडक्टरकीची निम्मी वर्षे तुम्ही याच रस्त्यावर काढलीत, तेव्हा आईला अंतर तुम्हीच समजावून सांगा. रात्री निरोप आला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तुमच्यापाशी असेन.

शाळेच्या आवारातच शिक्षिकांसाठी खोली आहे, नळाला पाणी आहे आणि दाराची कडी मी स्वतः लावून पाहिली आहे. जेवणात भाकरी, वरण आणि भाजी असते. कळण्याचे पीठ आणि बिबड्या मात्र तुझ्याच हव्यात, आई, त्यामुळे डबा भरून ठेव. मोबाइलला रेंज सगळीकडे नसते. रात्री आठला फोन आला नाही तर तो सकाळी येईल, तेवढ्यासाठी जागत बसायचे नाही.

का चालले, ते नीट सांगते. कॉलेजात मी खो-खो, कबड्डी आणि 800 मीटर धावणे असे तिन्ही खेळ खेळत होते, तेव्हा नाना म्हणायचे की पोरगी एक ना धड, भाराभर चिंध्या. मला ते कधीच पटले नाही. धावण्याने दम दिला, खो-खोने पूर्ण वेगात असताना वळायला शिकवले आणि कबड्डीने अंगावर येणाऱ्याला न घाबरता धरायला शिकवले. अश्वमेध स्पर्धेत विद्यापीठाकडून खो-खो खेळताना डावाच्या शेवटच्या मिनिटातही पाय थांबले नाहीत, ते 800 मीटरच्या सरावामुळे. आता शहरात नेमके उलटे चालते. पाचवीतल्या मुलीला एकच खेळ धरायला लावतात, वाढीच्या वयात तोच गुडघा आणि तोच खांदा वर्षभर राबवतात, आणि दहावी येईपर्यंत मुलगी दुखण्याला कंटाळून किंवा क्लासच्या नावाखाली मैदान सोडते. चौदा वर्षांखालच्या मुलीला सगळे खेळू द्यावे, असे माझे ठाम मत आहे. ते मला जिथे राबवता येईल तिथे जायचे आहे. घटक चाचणी जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळेत ते होत नाही.

तिकडच्या पावरा आणि भिल्ल मुली लहानपणापासून चढउतारावर चालतात, पळतात. आईवडील ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेले की त्यांची शाळा अर्धवट सुटते. मैदानाची ओढ लागली तर काही जणी तरी वसतिगृहात टिकतील. आणि सोबत बाई असल्याशिवाय घरचे त्यांना स्पर्धेसाठी तालुक्याबाहेर पाठवत नाहीत. ती बाई कोणीतरी व्हायला हवी ना, बाबा? नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागातून निघालेल्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा पेपरातला तिचा फोटो तुम्हीच कापून माझ्या वहीत चिकटवला होता. आणि 2025 च्या जानेवारीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या संघाने नेपाळला 78-40 असे हरवले, तेव्हा आई, तू कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजल्या नाहीस.

तिथे डोळ्यांत तेल घालून काम करावे लागेल, हेही जाणते. त्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. ज्यांच्यात तो केवळ वाहक म्हणून आहे अशा मुली एरवी धडधाकट दिसतात, पण उन्हात, पाणी न पिता जोरात पळवले तर त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे आधी तपासणीचे कागद पाहायचे, मग सराव हळूहळू वाढवायचा आणि मध्ये पाण्याची सुट्टी द्यायचीच, असे मी ठरवले आहे.

सामना खेळून आल्यावर रात्री तू तिळाचे तेल कोमट करून माझ्या पोटऱ्या चोळायचीस आणि बाबा सुरतेहून आणलेले बूट उशाशी ठेवायचे. तो साईज मोठा होता, तरी पुढे कापूस कोंबून मी तेच घातले. अजूनही सराव संपला की पाय आपोआप तुझ्याकडे पसरावेसे वाटतात, आई. अमळनेरच्या त्या वर्षानंतर मला पुन्हा मैदानावर कोणी उभे केले, ते आपल्या तिघांना ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला सोडून जाते आहे असा विचारसुद्धा मनात आणू नका.

आता माझे ऐका. आई, खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करायचा आणि दहा मोजेपर्यंत धरायचा, सकाळ-संध्याकाळ. गुडघा दुखतो म्हणून व्यायाम सोडलास तर तो आणखी दुखेल. साखर तपासून आकडा मला कळवत जा, त्यात काटछाट नको. बाबा, मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही; दादा सुरतेहून रजा काढून येणार आहे, मी त्याच्याशी बोलले आहे. बीपीची गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची. ठिबक असताना भर दुपारी केळीत जाण्याचे कारण नाही, आणि लुना संध्याकाळनंतर काढायची नाही. रागावून सांगत नाही, पण काळजी वाटते.

पैसे पहिल्या आठवड्यात पूर्वीसारखेच येतील. नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईच्या सणाला, मी घरी असेन. रोटाचे गहू आपण दोघी मिळून निवडू, आधी एकटीने खाली बसून निवडत राहू नकोस.

तुमची लेक