गुणतक्त्यात न मावणारे डाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांच्या बातम्या आपण आवर्जून छापता, याबद्दल आभार. मात्र त्यांत कोणी किती गुण मिळवले एवढेच असते, डाव कसा रंगला हे नसते, याची रुखरुख वाटते म्हणून हे पत्र.

एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला झालेल्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, स्पर्धेचे डाव आपल्याकडे मध्यरात्री सुरू होत. हापूसचा ऐन हंगाम होता. दिवसभर पेट्या भरून झाल्यावर आम्ही चार-पाच जण पडवीत एका मोबाइलभोवती बसत असू. दुसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना अमेरिकेच्या हिकारू नाकामुराच्या राजाच्या बाजूचे प्यादे उंटाने मारले, तो उंट सरळ देऊन टाकला आणि सलग ४७ डाव अपराजित राहिलेल्या त्या खेळाडूला हरवले. पुढच्याच फेरीत प्रज्ञानंदने विदितला हरवले, हेही खरे. पण नवव्या फेरीत विदितने नाकामुराला पुन्हा नमवले, आणि अखेरीस नाकामुरा विजेत्या गुकेशच्या अवघा अर्धा गुण मागे राहिला. छापील तक्त्यात विदित १४ पैकी ६ गुणांसह सहावा दिसतो. स्पर्धेचा निकाल त्याच्या पटावर किती फिरला, हे तक्त्यावरून कोणाला कळावे?

असा मोहऱ्याचे बलिदान देऊन, म्हणजे तो मुद्दाम गमावून, केलेला खेळ म्हणजे निव्वळ जुगार, असे काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. त्या स्पर्धेत पहिल्या ४० चालींसाठी १२० मिनिटे होती आणि तोवर प्रत्येक चालीमागे वाढीव सेकंद मिळत नव्हते. अशा वेळी मोहरा देणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला घरी पाठ केलेल्या वाटेवरून खाली उतरवतो आणि घड्याळाच्या धाकात स्वतःच्या बुद्धीने बचाव शोधायला लावतो. रीगाच्या मिखाईल तालची कित्येक बलिदाने नंतरच्या विश्लेषणात सदोष ठरली. तरीही १९६० मध्ये त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या बोटविनिकला १२.५–८.५ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले, कारण तो बचाव समोरच्याला पटावर बसून, वेळेत सापडावा लागत होता. पुढच्याच वर्षी परतीच्या लढतीत ताल हरला, पण आमच्याकडची मुले आजही त्याचेच डाव मांडून पाहतात.

२०१८ च्या लंडनमधील जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही पारंपरिक (दीर्घ वेळेचे) डाव बरोबरीत सुटले. त्यातील बचावाचे कौशल्य मी कमी लेखत नाही. तथापि बुद्धिबळ नुकते शिकलेल्या मुलाला पटापाशी खेचून आणते ते बलिदानच, हे मी सुट्टीत मुलांना शिकवताना वारंवार पाहिले आहे.

म्हणून विनंती अशी की, मोठी स्पर्धा चालू असताना आठवड्यातून निदान एका डावाच्या चाली पटाच्या आकृतीसह छापाव्यात, आणि तो डाव निवडताना खेळाडूचे तक्त्यातील स्थान पाहू नये.

कळावे,
आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक,
गुहागर, जि. रत्नागिरी