पेंग्विन मोजणं ही उधळपट्टी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अंटार्क्टिकावरचा लेख वाचला. काल दिवसभर मनाला आवर घातला. आज सकाळी तो अंक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवताना 'तेच ते पेंग्विन दरवर्षी मोजून काय मिळतं?' हे वाक्य पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि लिहायला बसले.

बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे आधी लेखातली चूक सांगते. त्यात क्रिलला मासा म्हटलं आहे, पण तो मासा नाही. दिसायला तो आपल्या जवळ्याच्या जातीतला वाटेल, पण कोळंबीहूनही वेगळ्या गटातला कवचधारी प्राणी आहे. फार तर सहा सेंटिमीटर वाढतो आणि पाच-सहा वर्षं जगतो. हिवाळ्यात त्याची पिल्लं समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या अंगाला धरलेल्या शेवाळावर तगतात. देवमासे, सील, पेंग्विन यांतल्या कितीतरी जातींचं पोट त्याच्यावर भरतं. आपल्या औषधांच्या दुकानांतही आता क्रिल तेलाच्या कॅप्सूल मिळतात, म्हणजे पुण्याचा काही संबंध नाही असंही नाही.

लेखकाचा मुख्य मुद्दा असा, की 2019 च्या पाहणीत अंटार्क्टिकालगतच्या दक्षिण अटलांटिकात क्रिल 6 कोटी 26 लाख टन भरला आणि पकडायची मर्यादा 6 लाख 20 हजार टन आहे. म्हणजे जेमतेम एक टक्का, मग एवढी देखरेख कशाला? गणित बरोबर आहे, पण समुद्र म्हणजे एकसारखं भरलेलं पिंप नव्हे. जहाजं जातात तिथे, जिथे क्रिलचे दाट थवे असतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या सामुद्रधुन्यांत असे थवे असतात आणि पेंग्विनही तिथेच चरतात. घरट्यात पिल्लू असताना आई-बापांना फार लांब जाता येत नाही. म्हणूनच त्या भागापुरती 1 लाख 55 हजार टनांची वेगळी मर्यादा होती. 2024 मध्ये या मर्यादा ठरवणाऱ्या देशांचं एकमत झालं नाही आणि ती संपली. पुढच्याच, 2025 च्या हंगामात एकूण मर्यादा पहिल्यांदा पूर्ण भरली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. लेखात यातलं काहीच नाही.

आता 'तेच ते' बद्दल. अंटार्क्टिकाच्या सागरी जीवांसाठीचा करार 1980 मध्ये झाला, 1982 पासून अमलात आला. क्रिल पकडायच्या मर्यादा ठरवणारा त्याचा आयोग ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या होबार्टला आहे. या कराराखाली ठरावीक वसाहतींवर ठरावीक जातींच्या पेंग्विनांची, सीलची आणि समुद्रपक्ष्यांची नोंद होते. पक्षी परतले तेव्हा वजन किती होतं, खाणं आणायला किती वेळ लागला, किती पिल्लं जगली, घरटं सोडताना ती केवढी होती, हे सगळं एकाच पद्धतीनं लिहिलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळाजवळ बेशरव्हेज बेटावर पेंग्विनांच्या वाटेतच वजनकाटा बसवलेला आहे. साखर कारखान्यावर उसाची गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते ना, तसा समुद्राकडे जाताना आणि परतताना पक्षी त्यावरून चालत जातो. अंगात बसवलेल्या चिपमुळे तो कोणता हे कळतं, आणि दोन वजनांच्या फरकावरून पिल्लासाठी किती आणलं याचा अंदाज येतो. मला हे वाचून फार आनंद झाला होता. वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी कान टवकारून ऐकलं असतं.

हे दरवर्षी करायचं, कारण क्रिल कमी पडला तर तो मासेमारीनं की बर्फ घटल्यानं, हे एका वर्षाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. 2022 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाऊझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत सम्राट पेंग्विनांची त्या हंगामातली पिल्लं गेली. पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच पायाखालचा बर्फ फुटला. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लोकांना ते कळलं, कारण उपग्रहाच्या चित्रांतले विष्ठेचे तपकिरी डाग ते आधीच्या वर्षांतही पाहत होते.

इतकं मनाला लावून का घेते, तेही सांगते. 1996 पासून एकोणीस हिवाळे मी आणि शाळेची मुलं जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी पुण्यातल्या मुळा-मुठेवरच्या बंडगार्डनच्या पुलाशी उभे राहून बदकं मोजत होतो. वेळ पावणेसात ते साडेआठ. जागा तीच, दुर्बिणी दोनच, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. चक्रवाक, थापट्या, तरंग, हळदी-कुंकू, प्रत्येकाचा वेगळा रकाना. धुकं असेल तर तेही लिहायचं. एका वर्षी मला ताप होता, तर आठवीतल्या दोन मुली आईला घेऊन गेल्या आणि पान भरून आणलं. वह्या एकोणीस झाल्या. गुडघ्यांनी ऐकेनासं केलं तेव्हा त्या मी एका कार्यालयात नेऊन दिल्या. 'संगणकावर घेतो, जपून ठेवतो' म्हणाले. पोचपावती मागितली नाही, ही चूक माझीच. चार वर्षांनी नदीकाठच्या कामांवरून वाद सुरू झाला आणि मी तिथे गेले. कपाट बदललं तेव्हा जुने कागद रद्दीत काढले, असं सांगण्यात आलं. वर समोरच्या गृहस्थांनी विचारलं, 'इथे पूर्वी जास्त पक्षी होते म्हणता, त्याचा काही लेखी पुरावा आहे का?'

त्या दिवशी घरी येऊन मी रडले. तो प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता आणि उत्तर त्यांच्याच कपाटात होतं. गेलेला जानेवारी पुन्हा मोजता येत नाही. दक्षिणेच्या समुद्रात आज नोंद थांबवली तर दहा वर्षांनी जहाजवाले हाच प्रश्न विचारतील.

'भारताचा काय संबंध' असंही लेखात आहे. 1981 मध्ये डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली. तिथलं आपलं मैत्री हे संशोधन केंद्र 1989 पासून आणि भारती 2012 पासून उभं आहे. होबार्टच्या त्या आयोगात 1980 च्या दशकापासून आपण सदस्य आहोत. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीनं होतात, म्हणजे आपल्या होकाराला किंमत आहे. तो होकार कशाच्या आधारावर द्यायचा? मोजलेल्या आकड्यांच्याच ना?

लेखाबरोबरचा फोटो पांढऱ्या अस्वलाचा आहे. ते उत्तर ध्रुवाकडे राहतं. अंटार्क्टिकात एकही नाही. पाचवीच्या मुलाला हे येतं आणि आपल्या पुरवणीवर विसंबून मुलं प्रकल्पाच्या वह्या भरतात. कृपया दुरुस्ती छापावी.

एक विनंती वाचकांना. 1996 ते 2014 मधल्या कोणत्याही हिवाळ्यात बंडगार्डन ते येरवडा या पट्ट्यात ज्यांनी तारखेसह फोटो काढले असतील, किंवा माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी एखादं पान उतरवून ठेवलं असेल, त्यांनी त्याची प्रत या वृत्तपत्राच्या कार्यालयात माझ्यासाठी द्यावी. माझ्याकडे 2003 चं एकच पान उरलं आहे, तेही घरच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं होतं म्हणून.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे