तान्ह्या बाळाच्या तापाची वाट पाहू नका

संपादक महोदय,

बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप येणारच, असं बहुतेक घरांत धरून चालतात. नवजात कक्षात परिचारिका म्हणून काम करताना या समजुतीपायी उशिरा आणलेली कितीतरी बाळं मी पाहिली. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात जंतू भिनले तरी त्याचं अंग उलट गार पडू शकतं. काल जोरात दूध ओढणारं बाळ आज दोन घोट घेऊन स्तन सोडतं, रडणं क्षीण होतं, हात उचलून सोडला तर लुळा पडतो. ‘आज किती शांत झोपलंय’ असं आजी कौतुकानं सांगते, तेव्हा ते मलूल झालेलं असतं. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाणं, पोट फुगणं, टाळू वर येणं, बेंबीतून पू येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. मेळघाटातून पोटफुगीवर चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात, तेव्हा जीव तुटतो.

हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळं तपासत, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आशाताईंच्या आजच्या गृहभेटींचं मूळ तिथेच आहे. त्या भेटीत बाळाचे कपडे काढून त्याला नीट पाहिलंच पाहिजे, नुसत्या वजनावर भागत नाही.

वाचलेल्या बाळांचं पुढे काय होतं, याकडे तर फारच दुर्लक्ष आहे. जंतू मेंदूपर्यंत पोचले की मेंदूज्वर होतो; त्यातून उठलेल्या बाळाला बहिरेपण येऊ शकतं, झटके येऊ शकतात, डोक्यात पाणी साठू शकतं. मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नाही, तेव्हा कुठे आईबाप धावाधाव करतात. तोवर श्रवणयंत्र लावून भाषा शिकवण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर औषधं लिहिलेली असतात, पण ‘बेरा’ या श्रवणचाचणीची तारीख मला क्वचितच दिसली. आरोग्य विभागानं ती तारीख आणि डोक्याचा घेर मोजण्याचा रकाना प्रत्येक कार्डावर छापून घ्यावा, आणि आईला घरी सोडण्याआधी वरची लक्षणं तिच्याच बाळावर हात ठेवून समजावून द्यावीत.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा