समुद्र बंद आहे म्हणून

रामबाग, इंदूर
२० जुलै

प्रिय मक्या,

तुझे तीन मेसेज आले, एकालाही उत्तर दिलं नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. पावसाळ्यात कोकणचा समुद्र खवळतो, तारकर्लीच्या होड्या वर ओढून ठेवतात, डायव्हिंग बंद. म्हणून जूनपासून मी घरीच. सकाळी पोहे, दुपारी पुस्तक, संध्याकाळी तरणतलाव. आई शेजारच्या काकूंना सांगते, "पाण्यातला गाइड होतोय." काकूंना वाटतं, ओंकारेश्वरला होडी चालवणार.

होतोय तो डाइव्हमास्टर. ज्यांच्याकडे डायव्हिंगचं सर्टिफिकेट आहे त्यांना खाली फिरवून आणायचं, आणि नवखे शिकत असतील तेव्हा इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली राबायचं. कोर्स शिकवायचा अधिकार नाही, तो त्याच्या पुढचा टप्पा. शेवटी ६० डाइव्ह वहीत भरलेले लागतात. माझे ५२ झालेत. शिवाय ४०० मीटर पोहणं आणि १५ मिनिटं एका जागी तरंगणं, त्यातली शेवटची २ मिनिटं हात पाण्याबाहेर. आजोबांनी महेश्वरच्या घाटावरून कमरेला दोर बांधून नर्मदेत ढकललं होतं, त्यामुळे पोहण्याचा मला माज होता. इथं घड्याळ लावलं तर ४०० मीटरला १० मिनिटं ४० सेकंद. माज उतरला.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे सामानाची अदलाबदल. दोघांत एकच रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारी नळी, आळीपाळीने दोन-दोन श्वास, आणि तेवढ्यात मास्क, फिन (पायातली वल्ही), टाकीसकट जॅकेट, सगळं पाण्याखालीच एकमेकांना द्यायचं. मास्क काढला की समोरचा माणूस नुसता धूसर डाग. त्या डागाकडून रेग्युलेटर परत यायची वाट बघणं काय असतं ते तुला कसं सांगू! मी एकदा हावरटासारखा तिसरा श्वास घेतला. जोडीदार मालवणचा, त्याने तोंडातून ओढूनच घेतला. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "झिला, हवा दोघांची आसा."

आता खरी गोष्ट. मे महिन्यात चार पाहुणे घेऊन आम्ही १२ मीटरवर होतो. पुढे इन्स्ट्रक्टर, शेवटी मी. चौथे काका माझ्याकडे वळले आणि अंगठा दाखवला. मीही खुशीत अंगठा दाखवला. अरे, पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'! 'ठीक आहे'ला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा असतो. हे मी लेखी परीक्षेत लिहून आलोय, दुसऱ्यांना सांगितलंय, पण ऐन वेळी हातातून बाहेर पडलं ते राजवाड्यावरचं "भिया, एकदम बढिया!" काकांना वाटलं परवानगी मिळाली, ते एकटेच निघाले. इन्स्ट्रक्टरने मागे वळून बघितलं म्हणून बरं. त्याने त्यांचा फिन पकडला, सगळ्यांना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबवलं, मग वर आणलं.

टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात; काकांच्या टाकीत ५० बार उरले होते. सुरुवात २०० ची. खाली दाब वाढतो तशी तीच हवा लवकर संपते, १० मीटरवर दुप्पट वेगाने. आणि घाबरून श्वास रोखून कुणी वर सुटला, तर छातीतली तीच हवा फुगत जाते. फुप्फुस फाटायला फार खोल असावं लागत नाही. मी मात्र तेव्हा खडकाखालचा एक मासा बघत होतो. त्यांच्या टाकीतल्या हवेचा काटा शेवटचा कधी विचारला होता, हे मला आठवेना. इन्स्ट्रक्टर ओरडला नाही. फक्त पुढचे दोन आठवडे मला टाक्या वाहायला लावल्या. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ताईच्या साखरपुड्याचं तुला माहीतच आहे. आई म्हणाली, होडीतून उतर आणि गोव्याहून विमान पकड. ओळीने डाइव्ह केल्यावर १८ तास विमान नको, रक्तात जादा नायट्रोजन उरलेला असतो, उंचीवर त्याचे बुडबुडे होतात, हे तिला समजावता समजावता मुहूर्त टळला. ताई अजून नीट बोलत नाही.

हल्ली तलावावर बसलो की पोरांची डोकी मोजतो. आपोआप होतं. काल अकरा होती, एक कमी भरलं, मी चपला काढून उभाच राहिलो; तो आइस्क्रीम आणायला गेला होता.

ऑक्टोबरात समुद्र उघडला की तारकर्लीला ये. सर्दी असेल तर मात्र येऊ नकोस, खाली जाताना कानातला दाब सुटणार नाही आणि मी तुला खाली नेणार नाही. आणि गोल करायची सवय आत्तापासून कर.

तुझाच,
बंड्या