माझा स्कोअर मोजता, तिचा कोण मोजणार?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मला मोटर न्यूरॉन डिसीज आहे, एएलएस पण म्हणतात त्याला. हे पत्र मी फोनला बोलून टाइप करतोय, माझे उच्चार आता जड झालेत त्यामुळे फोनला जे कळत नाही ते आमची ही बाजूला बसून नीट करते. पत्र तिच्याबद्दलच आहे. दोन ठिकाणी म्हणाली हे नको, काढा, पण मी ते काढू दिलं नाही.

आजाराचं थोडक्यात सांगतो. स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरतात, आधी हात, मग पाय, मग गिळणं, बोलणं, श्वास, कुणाचं उलट क्रमाने जातं. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना २ ते ५ वर्षं मिळतात, दहातला एखादा १० वर्षांच्या पुढे जातो. रिल्युझोल नावाची गोळी १९९५ पासून आहे, ती काही महिने वाढवून देते, बरं करत नाही. पण लोकांना एक गोष्ट माहीत नसते, की स्पर्श जात नाही. गालावर डास बसला तर मला पूर्ण कळतं, चादरीची सुरकुती पाठीखाली टोचते ती कळते, फक्त हात उचलून काही करता येत नाही. म्हणजे माझ्या प्रत्येक खाजेला दुसऱ्याचा हात लागतो आणि तो हात बहुतेक वेळा तिचाच असतो.

रात्री दर दोन तासांनी ती मला कूस बदलून देते, दिवसा बसल्या जागी सरकवते. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा इथे जखमा होतात आणि एकदा झाल्या की महिनोन्महिने भरत नाहीत. रोज अंग पुसताना ती लाल दिसेल तिथे बोटाने दाबून बघते, दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, लाल तसंच राहिलं तर जखमेची सुरुवात, मग त्या बाजूवर मला झोपवायचं नाही आणि तिथे चोळायचंही नाही. हे ती स्वतः शोधून, वाचून, विचारून शिकली. गिळायला त्रास आहे म्हणून साधं पाणी मला सगळ्यात धोक्याचं, पातळ असल्यामुळे ते पटकन श्वासनलिकेत उतरतं, त्यामुळे पाण्यात पावडर घालून घट्ट करायचं, हनुवटी खाली घ्यायला सांगायची, एक घोट गेला की थांबायचं, संपल्यावर अर्धा तास मला ताठ बसवून ठेवायचं. जेवण म्हणजे तास सव्वा तास सहज जातो आणि तोवर तिचं स्वतःचं ताट तसंच झाकलेलं असतं. रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वासाला हवेचा जोर देणाऱ्या मशिनचा मास्क लावते, तो जरा सरकला की हवा डोळ्यात जाते आणि मला तो नीट करता येत नाही, म्हणून ती झोपते ती कान उघडे ठेवूनच. सलग झोप तिला कधी मिळाली होती हे तिलाच आठवत नाही (हे ती काढायला सांगत होती).

तर मुद्दा असा. फॉलोअपला गेलो की माझा स्कोअर काढतात, १२ प्रश्न असतात, बोलणं, लाळ, गिळणं, लिहिणं, कपडे घालणं, कूस बदलणं, चालणं, श्वास वगैरे, एकूण ४८ पैकी. तो दर वेळी फाइलमधे लिहिला जातो. चांगलं आहे, लिहायलाच हवा. पण माझा एक एक मार्क कमी होतो तेव्हा ते काम कुठे नाहीसं होत नाही ना, ते तिच्याकडे जातं. कपड्यांचे मार्क गेले म्हणजे मला कपडे ती घालते, कूस बदलायचे गेले म्हणजे रात्रीची ती उठते. आणि तिच्या कॉलममधे काहीच लिहिलेलं नसतं, कारण तिचा कॉलमच नाही. मी आजपर्यंत ज्यांना ज्यांना दाखवलं ते सगळे चांगले डॉक्टर होते पण तिला एकानेही विचारलं नाही की तुम्ही झोपता किती, तुमची पाठ कशी आहे, तुमचा स्वतःचा बीपी शेवटचा कधी बघितला.

असं नाही की विचारायला काही साधन नाही. झरिट नावाची प्रश्नावली आहे, सांभाळणाऱ्यावर किती ओझं आहे ते मोजणारी, २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८८. रुग्णाची तपासणी चालू असताना बाहेर बाकावर बसून भरता येईल एवढीच आहे. ती का भरून घेत नाहीत?

आणि हे भावनेपुरतं नाहीये. १९९९ साली जामा या मेडिकल जर्नलमधे एक अभ्यास आला होता, नवरा किंवा बायकोला सांभाळणाऱ्या ६६ वर्षांवरच्या लोकांचा. ज्यांना सांभाळताना ताण जाणवत होता त्यांच्यात पुढच्या चार वर्षांत मृत्यूचा धोका, न सांभाळणाऱ्यांपेक्षा, ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सांभाळणारे पण ताण नसलेले, त्यांच्यात असा ठळक फरक दिसला नाही. पुढे २०१३ साली दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात तर सांभाळणारे लोक इतरांपेक्षा थोडे जास्तच जगताना दिसले. मला यातून एवढंच कळतं की सेवा माणसाला मारत नाही, एकट्याने, न झोपता, न शिकवता, न विचारता करायला लावलेली सेवा मारते. आणि तेवढं तर बदलता येतं.

घरी येणारी माणसं मनाची चांगली असतात. माझ्याजवळ बसतात, हात धरतात, जाताना दारात तिला म्हणतात वहिनी तुम्ही खरंच धन्य आहात, काही लागलं तर सांगा. ती काही सांगत नाही. कुणीच सांगत नाही, मागायला सुद्धा अंगात ताकद लागते. त्यापेक्षा वार आणि वेळ ठरवून सांगा, रविवारी चार ते सहा मी बसतो, तुम्ही झोपा किंवा बाहेर जा. आणि एकदाच नाही, दर रविवारी, कारण एका दुपारच्या झोपेने काही भरून निघत नाही.

डॉक्टरांना विनंती की डिस्चार्जच्या कागदाबरोबर घरच्या माणसाला तासभर शिकवा. पेशंटला बगलेत धरून ओढायचं नाही, खाली चादर सरकवून हलवायचं, पलंग तिच्या कंबरेइतका उंच करून घ्यायचा, ठसका लागला तर काय, मशिनचा अलार्म वाजला तर काय, हे सगळं समोर करून दाखवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. पाठ दुखावल्यावर शिकून काय उपयोग. आणि दर फॉलोअपला दोन मिनिटं तिच्याशी बोला, शक्यतो मला खोलीबाहेर ठेवून, माझ्यासमोर ती खरं सांगणार नाही. दुखणं कमी करणारी, घरच्यांनाही आधार देणारी पॅलिएटिव्ह केअर ही शेवटच्या आठवड्यातली गोष्ट आहे असं अजून खूप लोकांना वाटतं, निदान झाल्यापासूनच ती मिळायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने गरज असलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोचते.

आणि संपादक साहेब, आपल्या पेपरात आजाराशी झुंजणाऱ्यांच्या मुलाखती येतात त्या मी आवडीने वाचतो, ही पान धरते आणि मी वाचतो. एखादी मुलाखत पान धरणाऱ्याची पण घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करावं लागतं ते सविस्तर छापा, कारण उद्या ज्याच्या घरी हे येईल त्याला त्यातली माहिती लागेल.

जे बसायला येतील त्यांच्यासाठी शेवटचं. घाबरायचं काही नाही, तोंडातली लाळ, कफ ओढून घेणारं सक्शन मशिन कसं लावायचं ते ती पाच मिनिटांत दाखवते. मला एकटक बघत बसू नका, गप्पा मारा, मी उत्तर द्यायला वेळ लावतो तेवढं थांबा, माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आणि ती दहा मिनिटांत परत आली तर तिला परत पाठवा.

आपला एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)