दादा, वहिनी आणि पलीकडच्या ताईंना

प्रिय दादा आणि वहिनी,

तुमची नावं इथे लिहीत नाही. चारचौघांत आपलं नाव घेतलं जावं हे तुम्हाला रुचत नाही, फोटोसाठी तर तुम्ही उभेही राहत नाही. म्हणून आमच्याकडे थोरल्या शेजाऱ्यांना म्हणतात तसं दादा-वहिनी म्हणते. पत्र मराठीत आहे, कारण ते माझ्या माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे. एडिसनहून, फिलाडेल्फियाहून, भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीत 'आमिश बघायला', म्हणजे जुन्या रीतीने राहणारा तुमचा ख्रिस्ती पंथ बघायला, येणारी मराठी कुटुंबं मला दर उन्हाळ्यात रूट ३४० वर भेटतात. त्यांना करड्या रंगाची बग्गी दिसते, गवती टोपी दिसते, वीज न घेतलेलं घर दिसतं. तुम्ही शेजारी म्हणून कसे आहात, ते गाडीच्या काचेतून दिसत नाही.

त्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला आणि पहाटे आमच्या ह्यांच्या छातीत कळा सुरू झाल्या. ९११ ला फोन केला. अँब्युलन्स हमरस्त्यापर्यंत आली आणि तिथेच अडकली, कारण आमच्या घराकडे येणारी वाट बर्फात नाहीशी झाली होती. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुमचा फोन शेताच्या कडेच्या खोपटात, त्या वेळी तो उचलणार कोण? पण तुमचा थोरला मुलगा इथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे आणि त्याच्या उशाशी पेजर असतो. गोठ्यात दूध काढायचं काम अर्धवट टाकून तुम्ही खेचरांची जोडी बर्फ ढकलायच्या फळीला जुंपलीत. मुलं फावडी घेऊन पुढे. अंधारात कंदील हलताना दिसले तेव्हा मी दारात उभी होते, आणि त्या क्षणी वाटलं की हे आता वाचतील. वाचले. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

दादा, त्या दिवसाबद्दल तुमचे आभार मानायला गेले की तुम्ही विषय हवामानावर नेता. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आणि वहिनी, नंतरचे ते आठवडे. तुमच्याकडच्या घेवड्याच्या सूपमध्ये हॅम असतं. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर तुम्ही ते वेगळ्या भांड्यात, नुसतं लोणी घालून करायला लागलात. सोबत ताजा पाव आणि सफरचंदाचा गर. ओट्यावर भांडं ठेवून तुम्ही लगेच निघायच्या, मला बोलायची ताकद नाही हे तुम्हाला न सांगता कळायचं. वसंतात तुमची मुलं आणि पुतणे आले, बर्फाच्या भाराने मोडलेली आमची शेड त्यांनी एका दिवसात उभी केली. मजुरी विचारली तर दादांनी फक्त लाकडाचं आणि खिळ्यांचं बिल हातात दिलं.

हे येतं कुठून, याचा मी खूप विचार केला. तुमच्या फळीवर जर्मन भाषेतला एक जाडजूड जुना ग्रंथ आहे. त्यातलं एक चित्र दादांनी मला दाखवलं होतं. नेदरलँड्समधला डर्क विलेम्स, वर्ष १५६९. मोठेपणी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला म्हणून त्याला कैद केलं होतं. तो कैदेतून निसटला, गोठलेल्या पाण्यावरून पळाला, मागून धावणारा माणूस मात्र बर्फ फुटून आत पडला. डर्क परत फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि म्हणूनच पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं. १५२५ मध्ये झुरिकला सुरू झालेल्या, मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथातले किती लोक असे गेले! त्यांच्यातल्या मेनो सायमन्स या पुढाऱ्याच्या नावावरून त्यांच्यातल्या अनेकांना मेनोनाइट म्हणू लागले. पुढे १६९३ मध्ये याकोब अम्मानच्या मागे जे वेगळे झाले ते आमिश. छळाला कंटाळलेल्या यांतल्या अनेकांना विल्यम पेनच्या वसाहतीत, म्हणजे इथे पेनसिल्व्हेनियात, आसरा मिळाला. पाण्यात बुडणारा माणूस आपला की परका हे न विचारण्याची शिकवण घरातल्या लेकराला तेव्हापासून मिळत आली असेल, तर माझ्या दारातल्या बर्फाचं काय!

तुमचे लोक सहसा विमा घेत नाहीत. कुणाच्या आजारपणाचं बिल आलं की तुमची मंडळी वाटून घेतात. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनासाठीचा, कर १९६५ च्या कायद्याने तुम्हाला माफ आहे, कारण म्हाताऱ्यांना सांभाळणं हे तुम्ही घराचं आणि चर्चचं काम मानता. बाकीचे कर तुम्ही भरता, ज्या सरकारी शाळांत तुमची मुलं जात नाहीत त्यांच्यासाठीचासुद्धा. हे बाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

सगळंच मला पटतं असं नाही, आणि ते मी तुमच्यासमोर बोलले आहे. आठवीनंतर शाळा थांबते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमचा तो हक्क मान्य केला हे खरं, पण तुमची धाकटी ज्या चपळाईने गणितं सोडवते ते पाहून माझ्यातली मास्तरीण अस्वस्थ होते. तुम्ही माझं शांतपणे ऐकून घेतलंत. तुमचं मत तेच राहिलं, माझंही. तरी दुसऱ्या दिवशी अंडी आली.

पलीकडच्या ताई, तुम्ही मेनोनाइट, तुमच्याकडे मोटार आहे. त्या सकाळी अँब्युलन्सच्या मागोमाग मला इस्पितळात तुम्ही नेलंत आणि संध्याकाळपर्यंत हललात नाही. तिथे बसल्या बसल्या तुम्ही धमतरीचं नाव घेतलंत, तेव्हा मी चमकले. दुष्काळानंतर १८९९ मध्ये तुमच्या लोकांनी तिथे मिशन सुरू केलं. तेव्हा धमतरी मध्य प्रांतात होतं, आणि त्याची राजधानी माझं नागपूर. आज तुम्ही एफ्राटाच्या मदत केंद्रासाठी गोधड्या शिवता, त्या कुठल्या देशात कुणाच्या अंगावर जातील हे तुम्हाला ठाऊक नसतं. माझी आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. तुमच्या शेजारी सुई घेऊन बसते तेव्हा मला माहेरी असल्यासारखं वाटतं.

इकडे येणाऱ्या मराठी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. बग्गीच्या मागे हॉर्न वाजवू नका, घोडा बिथरतो. शेतात काम करणाऱ्या मुलांवर फोन रोखू नका. वसंतात गावोगावी मड सेल भरतात, त्या लिलावांचा पैसा स्वयंसेवी अग्निशमन दलांना जातो. तिथे जा, गोधडी घ्या, खुर्ची घ्या, निदान एखादा 'पाय' (फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घ्या. आमच्या ह्यांच्यासाठी वाजलेला पेजर अशाच पैशातून आला.

दादा, वहिनी, हे सारं मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून इंग्रजीत सांगणार आहे, तेव्हा हवामानाचा विषय काढायचा नाही. मंगळवारी नातवाला दवाखान्यात तपासायला न्यायचं आहे ना, सात वाजता गाडी घेऊन येते. मागच्या वेळचे रक्ततपासणीचे कागद बरोबर घ्या.

तुमची,
ओढ्याअलीकडची शेजारीण