यंत्रं आणली, पण ती तपासणार कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली नव्या पोटविकार सेंटरची बातमी वाचली. एआयवाली कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी), रोबोट, कॅप्सूल यांवर अर्धं पान आणि संशोधन व तंत्रज्ञान मूल्यमापनावर, म्हणजे या यंत्रांचा खरंच किती उपयोग होतो हे तपासण्यावर, फक्त एक ओळ. कोण करणार, निकाल कुठे छापणार, काहीच नाही.

माझ्या सासूबाईंचं सांगते. पोटात कळा यायच्या, वजन उतरत चाललेलं, हिमोग्लोबिन सारखं खाली. पुण्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात कॅप्सूल एंडोस्कोपी सांगितली, कॅमेरा गिळायचा, तो आठेक तास लहान आतड्याचे फोटो काढतो आणि शौचावाटे पडून जातो म्हणाले. तो पडलाच नाही. आतडं एका जागी अरुंद झालं होतं तिथे अडकला आणि ऑपरेशन करून काढावा लागला. अशी शंका असली तर आधी सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचं स्कॅन, करतात, नाहीतर अडकली तरी आपोआप विरघळणारी डमी कॅप्सूल देतात, हे सर्जननी आम्हाला नंतर सांगितलं. आधी कोणी का नाही बोललं? कारण पोटाचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन एकमेकांशी बोललेच नव्हते, फाइल घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे मीच फिरत होते. त्यात क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) की आतड्याचा टीबी हे ठरेना, दोन्ही सारखेच दिसतात, आणि टीबी असताना क्रोन्स समजून नुसते स्टेरॉइड दिले तर टीबी बळावतो. असे पेशंट तिघांनी एकत्र बसून बघायला हवेत, त्यासाठीच तर असं सेंटर हवं.

कॅप्सूल अमेरिकेत २००१ पासून वापरात आहे, अडकण्याचा धोकाही जुनाच. मग इथे किती जणांत अडकली, किती जणांचं त्यामुळे निदान बदललं हे सेंटर दरवर्षी जाहीर करणार का? एआयने जास्त पॉलिप, म्हणजे आतड्यातल्या गाठी, ज्यांतल्या काहींचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, सापडतात हे खरं, पण त्यातले बरेचसे बारीक असतात, त्याने कॅन्सर किती टळले हा प्रश्न वेगळा आणि पेशंटच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. शिवाय मशीन विकणाऱ्या कंपनीच्याच पैशाने त्या मशीनची तपासणी होणार असेल तर तेही लोकांना कळू दे. औषधांच्या ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, उपकरणांच्या ट्रायलही तिथे नोंदवतात, आणि तिथला नंबर कोणालाही बघता येतो. तुमच्या बातमीदाराने तो विचारायला हवा होता.

आणि पहिल्या पानावर हॉस्पिटलच्या जाहिराती बातमीसारख्या छापणं कृपया बंद करा. 'जाहिरात' हा शब्द इतका बारीक असतो की सासूबाईंना चष्मा लावूनही दिसत नाही, आणि त्या ते खरं धरून चालतात.

– एक वाचक, कोथरूड, पुणे